देवळालीचा ताप

गेल्या महिन्यात एका कंटेनरवरून इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टो बंदरातल्या एजंटशी माझी मेलामेली चालली होती. माल न्हावा-शेवाहून निघून तिकडे पोचला होता, पण त्यांच्या ट्रॅकिंगमध्ये तो अजून समुद्रातच दिसत होता. इकडे आमचा एक्सपोर्टर दर तासाला फोन करत होता. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा जोर लावून विचारलं, तेव्हा तिकडच्या गृहस्थांचं उत्तर आलं. माफ करा, आमची सिस्टिम सकाळपासून डूलॅली झाली आहे.

डूलॅली. अठरा वर्षं मी इंग्रजी मेल वाचते आहे, पण हा शब्द कधी समोर आला नव्हता. अर्थ अंदाजाने कळला की सिस्टिम बिघडली आहे, वेड्यासारखं करते आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले आणि सहज फोनवर शब्द शोधला. अर्थ दिला होता : वेडा, भ्रमिष्ट, डोकं फिरलेला. आणि खाली उगम : हिंदुस्थानातल्या देवळाली या गावावरून.

मी डबा तसाच बंद केला. माझं माहेर देवळाली कॅम्प आहे.

नुसतं देवळाली म्हटलं की समोरचा दोन प्रश्न विचारतो, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाव की कॅम्प? आणि नगरकडचा माणूस असेल तर, राहुरीजवळचं देवळाली प्रवरा का? आमचं नाशिकचं, कॅम्पातलं. वडील एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्यात, वायरमन होते. घर लॅम रोडपासून आत, बैठं, कौलारू. तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि आई न बोलता कपबशा फळीवर मागे सरकवायची. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. चंपाषष्ठीला खंडोबाच्या टेकडीवर जायचं, भंडारा कपाळाला लावून खाली यायचं. माझ्यासाठी देवळाली म्हणजे एवढं सगळं. या नावाचा कुठल्या तरी परक्या भाषेत ‘वेडा’ असा अर्थ होतो आणि तो शब्द शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांच्या तोंडात आहे, हे मला त्या दिवशी दुपारी बेलापूरच्या ऑफिसात बसून कळलं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मी जे मिळेल ते वाचलं. ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून ही पोस्ट.

१८६१ साली ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी उभारली. विलायतेहून आलेले गोरे शिपाई मुंबईला उतरले की आधी इथे यायचे आणि मग आपापल्या पलटणीकडे जायचे. परतीची वाटही इथूनच. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली. मग देवळालीला गाडीत बसायचं, घाट उतरायचा, कल्याण, ठाणं मागे टाकायचं आणि बंदर गाठायचं. ज्या रुळांवरून आपण आज नाशिकला जातो, त्याच मार्गाने.

शिपायांची ने-आण करायला सरकारने पाच खास जहाजं बांधून घेतली होती. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार, सेरापिस. त्यातलं ‘जमना’ म्हणजे आपली यमुनाच. पोर्ट्समथ ते मुंबई अशा त्यांच्या फेऱ्या असत, पण बारा महिने नाही. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा माणसाला सहन होत नाही आणि पुढे अरबी समुद्रावर पावसाळा. त्यामुळे जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल.

सगळी गोष्ट इथे आहे. शिपायाची नोकरीची मुदत काही हंगाम बघून संपत नाही. ज्याची मुदत शेवटचं जहाज सुटल्यावर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबणं भाग. नोकरी संपलेली, घरी पत्र गेलेलं, आणि माणूस देवळालीच्या छावणीत. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलं आहे. मुदत संपलेल्यांकडे हत्यार नसायचं, अधूनमधून सामान तपासायचे, कधी तरी एखादी लांबची कूच व्हायची, बाकी दिवस रिकामा. ज्यांच्या नावावर इतक्या वर्षांत एक डाग नव्हता, अशी माणसंही या रिकाम्या दिवसांत भलतंसलतं करून बसायची. घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जायची. कुणी नको ते रोग घेऊन इस्पितळात पडायची. विचित्र वागणाऱ्याला शिपाई जे म्हणतात ते या छावणीवरूनच आलं असावं, असं त्याचं म्हणणं.

ते काय म्हणायचे? नुसतं डूलॅली नाही. पूर्ण शब्द होता ‘डूलॅली टॅप’.

हा ‘टॅप’ मी तीनदा वाचला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा आपला ताप आहे! कोशांत त्याचं मूळ उर्दूतलं ‘तप’ असं देतात, संस्कृतातला ताप त्याच घराण्यातला. छावणीच्या बाजारात, इस्पितळात, भिश्ती-खानसाम्यांच्या तोंडी शिपायांनी तो ऐकला आणि उचलला. म्हणजे डूलॅली टॅप हा अख्खा शब्दप्रयोग इंग्रजीत असला तरी त्यातलं एकही अक्षर विलायतेहून आलेलं नाही. देवळालीचा ताप. आमच्या आजीने कपाळाला हात लावून म्हणावं इतकं हे मराठी आहे.

आणि मराठीत तर ताप म्हणजे नुसता अंगातला ताप नाही. डोक्याला ताप. मनस्ताप. ‘नसता ताप झालाय गं मला’ हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा उच्चारलं जातं. त्या शिपायांना जे झालं होतं त्याला आपण मराठीत आजही बरोबर हाच शब्द वापरू.

मी संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, “आई, इंग्रजीत देवळालीचा ताप म्हणून एक शब्द आहे.”

“मलेरियाच असणार,” आई म्हणाली. “पूर्वी फार व्हायचा दारणेकाठी.”

तिचंही चूक नाही. या शब्दाबद्दल लिहिणारे कुणी मलेरियाकडे बोट दाखवतात, कुणी उन्हाकडे. मलेरियाचं मी मान्य करते. पण उन्हाचं मला अजिबात पटत नाही, आणि हे मी तिथे वीस उन्हाळे काढून सांगते आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापतं, नाही असं नाही. पण संध्याकाळी वारा सुटला की अंगावर चादर लागते. देवळालीची हवा इतकी चांगली की मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी तिथे सॅनिटोरियमं आणि बंगले बांधले, माणसं आजारातून उठली की हवापालटाला देवळालीला पाठवायची पद्धत होती. लहानपणी आम्ही त्या बंगल्यांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर शाल पांघरून बसलेली म्हातारी माणसं बघायचो. ज्या हवेत आजारी माणूस बरा होतो, त्याच हवेने धडधाकट शिपायाचं डोकं फिरवलं म्हणायचं? ते हवेचं काम नाही. ते वाट बघण्याचं काम.

वाट बघणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून हे मला जास्त लागलं. आमच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत एकच शब्द ऐकू येतो, डॅमरेज. “मॅडम, फ्री डेज संपले, आजपासून डॅमरेज चढणार.” कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला की दर दिवसाचा दर लागतो, आणि दिवस वाढतील तसा दरही वाढतो. मुळात हा शब्द जहाजांचा. माल चढवायला-उतरवायला ठरवून दिलेले दिवस उलटले आणि जहाज धक्क्याला अडकून पडलं, तर मालकाला द्यायची भरपाई म्हणजे डॅमरेज. फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘मोरा’, म्हणजे विलंब. कर्जाचे हप्ते थांबवतात त्या मोरॅटोरियममध्येही हाच मोरा. आमच्या उरणच्या मोरा बंदराचा याच्याशी काही संबंध नाही, तरी भाऊच्या धक्क्यावर मोऱ्याच्या लाँचची वाट बघत मी इतक्या वेळा बसले आहे की तो अर्थ मला परका वाटला नाही.

तर जहाज खोळंबलं की त्याचा दर ठरलेला होता, शेकडो वर्षांपासून. शिपाई खोळंबला त्याचा दर कुणी लावला नाही. त्याच्या खोळंब्यातून फक्त हा शब्द निघाला, आणि तोही त्याच्या सोबत्यांनी काढला. साहेबांनी नाही.

याच शिपायांचा आणखी एक शब्द आहे, ब्लायटी. म्हणजे घर, इंग्लंड. तो आपल्या विलायतीवरून आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकातला शिपाई, जीव तर जाणार नाही पण घरी पाठवतील एवढी जखम व्हावी अशी आशा धरायचा, तिला ब्लायटी जखम म्हणत. म्हणजे बघा, जिथे जायचं त्या घराला विलायती, आणि जिथे अडकून पडलो त्या जागेला देवळाली. दोन्ही टोकांना आपलेच शब्द, आणि मधे समुद्र.

१९१७ पर्यंत डूलॅली हा शब्द इंग्रजी फौजेच्या बोलीत पक्का बसलेला दिसतो. नंतर शिपाई घरी गेले आणि शब्द सोबत घेऊन गेले. तिथे मात्र त्याचं रूप पालटत गेलं. आधी ताप गळाला. इंग्रजी कानाला टॅप म्हणजे टकटक किंवा पाण्याचा नळ, त्याचा इथे काय अर्थ लागणार? उरलं नुसतं डूलॅली. आधी ‘अमक्याला डूलॅली टॅप झालाय’ म्हणायचे, जसा आपण ताप झाला म्हणतो तसा. तो आजार होता, येणारा आणि जाणारा. ताप गळल्यावर माणूसच डूलॅली झाला. मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो. ‘त्याला ताप आहे’ आणि ‘तो वेडा आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे धारही गेली. आता म्हाताऱ्या मावशीचा विसरभोळेपणा डूलॅली, लग्नघरात उडालेला गोंधळ डूलॅली, आणि फेलिक्सस्टोची संगणकप्रणाली डूलॅली. बोलणाऱ्याच्या मनात गाव नाही, छावणी नाही, जहाज नाही. तो एक गमतीशीर आवाजाचा शब्द आहे, लाललालल करणारा.

असं होणारं हे पहिलं गाव नाही. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. बेथलेहेमचं बोलीभाषेत बेडलम झालं, बेडलम म्हणजे वेड्यांचं इस्पितळ झालं, आणि आज कुठल्याही आरडाओरड्याला इंग्रजीत बेडलम म्हणतात. येशूचं जन्मगाव, आणि कुठल्या कुठे गेलं.

हे वाचताना मी ठाण्याच्या घरी होते. आणि मग पुढचं सुचायला वेळ लागला नाही, कारण लग्न होऊन मी ज्या गावात आले त्या गावाचंही हेच झालेलं आहे.

“ठाण्याला पाठवायला हवं याला.” मुंबईत, कोकणात, नाशकात, कुठेही हे वाक्य बोला, कुणीही तिकीट कशाचं ते विचारणार नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तलावांचं गाव, १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून जिथे आली ते गाव, आणि बोलीभाषेत त्याचा अर्थ वेड्यांचं इस्पितळ. पुण्याकडे येरवडा म्हणतात, कोकणात रत्नागिरी, हिंदीत आग्रा. प्रत्येक मुलखाने आपापलं गाव यासाठी नेमून दिलं आहे.

माझा मामा ठाण्याला होता. १९८८ साली, चार महिने.

हे आमच्या घरात मोठ्याने बोललं जात नाही, म्हणून लिहिण्याआधी आईला आणि मामाला, दोघांना विचारलं. मामा म्हणाला, लिही, त्यात काय चोरी आहे. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. एका कारखान्यात कायम होण्याची तीन वर्षं वाट बघत होता. आज होईल, पुढच्या महिन्यात होईल. मग झोप गेली, मग बोलणं बंद झालं, मग एक दिवस तो शेतातल्या विहिरीच्या काठावर दिवसभर बसून राहिला.

आजी दर दुसऱ्या रविवारी देवळालीहून ठाण्याला यायची. मी नऊ वर्षांची होते, एकदा मला बरोबर घेतलं होतं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वरून धोतराच्या फडक्याची घट्ट गाठ. आवारात मोठी झाडं होती आणि आम्ही एका झाडाखाली सिमेंटच्या बाकावर बसलो. भेटीची वेळ व्हायला अवकाश होता. आजीने कमरेच्या पिशवीतून मामाचं एचएमटीचं घड्याळ काढलं आणि चावी द्यायला लागली. अंगठा आणि बोटात धरून, हळूहळू, कानाशी नेऊन ऐकत. मी विचारलं, “आजी, मामा इथे आहे, मग घड्याळ कशाला चालू ठेवतेस?”

“बंद पडलं तर आल्यावर त्याला पुन्हा लावावं लागेल ना,” ती म्हणाली.

चार महिने तिने रोज सकाळी त्याला चावी दिली. मामा बरा होऊन घरी आला. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुली आहेत, धाकटी इंजिनिअर आहे. पण नात्यात आजही कुठे वादावादी झाली की कुणीतरी हळूच म्हणतं, जाऊ दे, तो ठाण्याचा आहे. पस्तीस वर्षं उलटून गेली. त्याला जे झालं होतं तो ताप होता. येऊन गेला. लोकांनी ताप गाळला आणि गावाचं नाव तेवढं त्याला चिकटवून ठेवलं. त्या शिपायांसारखंच.

म्हणून मला या शब्दाचं सगळंच्या सगळं हवं आहे. नुसतं डूलॅली नको, टॅपही हवा. त्या टॅपमध्ये कुणीतरी कशाची तरी वाट बघत होतं, हे शिल्लक आहे.

परवा सकाळी मी ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल लोकलची वाट बघत उभी होते. पलीकडच्या रुळांवरून कसाऱ्याकडची एक लांब पल्ल्याची गाडी मुंबईच्या दिशेने गेली, खिडक्यांत पेंगुळलेली माणसं. मनात आलं, हंगामाचं पहिलं जहाज लागल्याची खबर आली असेल तेव्हा देवळालीहून निघालेली गाडी इथूनच गेली असेल. तिच्या खिडक्यांत पेंगुळलेलं कुणी नसेल.

ऑफिसात पोचल्यावर मी फेलिक्सस्टोच्या गृहस्थांना मेल लिहिला. कंटेनर मिळाल्याचं कळवल्याबद्दल आभार मानले आणि खाली लिहिलं की तुम्ही जो शब्द वापरलात ते माझ्या गावाचं नाव आहे. छावणीचं, जहाजांच्या हंगामाचं, तापाचं, सगळं चार-पाच ओळींत लिहिलं.

दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, रागावले की काय. मग उत्तर आलं, बरंच लांब. चाळीस वर्षं हा शब्द वापरतो आहे आणि तो कुठल्या खऱ्या गावाचा असेल असं कधी मनातही आलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, गावाचं नाव खरं कसं उच्चारतात?

हे लिहून कसं सांगणार? इंग्रजीत तर आमच्याच दोन तऱ्हा आहेत, कॅन्टोन्मेंटच्या पाटीवर एक स्पेलिंग आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर दुसरं. मी व्हॉइस नोट पाठवली. देव-ळा-ली. सावकाश, दोनदा.

पंधरा मिनिटांनी त्यांची आली. देव-ला-ली. मी परत पाठवली, ‘ळ’वर थांबून, जीभ टाळ्याला कशी लावायची ते सांगून. त्यांची दुसरी आली, देव-रा-ली. मागे कुणीतरी हसत होतं, बहुधा त्यांचं ऑफिस ऐकत होतं. तिसरी आली तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगीही खुर्ची सरकवून कान देऊन बसली होती. ‘ळ’ पूर्ण नव्हता. पण जीभ वळल्याचं ऐकू येत होतं.